‘अचानक’ रस्त्यात आलेली माणसे

गेली वीस-बावीस वर्षे मी कोर्टात अपघाताचे कागद वाचतो आहे. फिर्याद असो, पंचनामा असो की विमा कंपनीच्या वकिलाचा लेखी जबाब असो, एक शब्द त्यात हमखास सापडतो. तो शब्द म्हणजे ‘अचानक’. ‘पादचारी इसम अचानक रस्त्यात आला.’ ‘सदर महिला अचानक रस्ता ओलांडू लागली.’ मोटारसायकल कधी अचानक येत नाही, ट्रक कधी अचानक येत नाही. अचानक येतो तो फक्त पायी चालणारा माणूस! जणू तो जमिनीतून उगवतो. तो आधी कुठून चालत होता, तेथून त्याला रस्त्यात का उतरावे लागले, रस्ता ओलांडायची काही सोय तेथे होती काय, हे प्रश्न पंचनाम्यात नसतात. मीही ते विचारत नव्हतो. उलट वाहनमालकाच्या बाजूने उभा राहिलो तेव्हा तोच शब्द मीही वापरला आहे. अपघातात जखमीचाही निष्काळजीपणा होता असा बचाव घेतला की नुकसानभरपाईचा आकडा खाली येतो, हे आम्हा वकिलांना पक्के ठाऊक असते.

हा शब्द माझ्या घशात अडकला तो माझ्याच दारात घडलेल्या एका प्रसंगाने. तो सांगताना मला संकोच वाटतो, पण दुसऱ्याच्या चुकांवर लिहिणे सोपे असते म्हणून आधी स्वतःची सांगतो.

माझे बालपण वस्तीत गेले. शिकलो, वकील झालो, शहराच्या उपनगरात कर्ज काढून लहानसे घर बांधले, पुढे कर्जानेच चारचाकी घेतली. आपल्या समाजातल्या माणसाच्या दारात गाडी उभी राहते याचा वडिलांना झालेला आनंद मी विसरणार नाही. पण घरात गाडी ठेवायला जागा नव्हती. जी होती तेथे आम्ही एक खोली वाढवली होती. मग गाडी गेटसमोर, फुटपाथवर दोन चाके आणि रस्त्यावर दोन चाके अशी उभी राहू लागली. ‘गेटसमोर गाडी लावू नये’ अशी पाटीही मी लावली होती. म्हणजे सरकारी जागा अडवायची ती फक्त मीच, दुसऱ्याने नाही! दहा वर्षे ती गाडी तेथे होती. मला कोणी एका शब्दाने हटकले नाही.

आमच्या गल्लीत पाच घरची धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी आहेत. आपल्याच समाजातल्या, साठीच्या घरातल्या. रोज सकाळी वस्तीतून पाऊण तास चालत येतात. बसचे तिकीट परवडत नाही असे नाही, पण दोन्ही वेळचे मिळून महिन्याला जे होते ते त्यांना डोळ्यांसमोर दिसते. एका सकाळी माझ्या गाडीला वळसा घालण्यासाठी त्या रस्त्यात उतरल्या आणि मागून आलेल्या मोटारसायकलने त्यांना उडवले. आवाज ऐकून मी धावलो. त्यांना त्याच गाडीत घालून दवाखान्यात नेले. मांडीचे हाड मोडले होते. जीव वाचला.

दुपारी पंचनामा झाला तेव्हा घटनास्थळी माझी गाडी नव्हती. ती दवाखान्याच्या आवारात होती. नकाशात रस्ता मोकळा, फुटपाथ मोकळा. आणि खाली लिहिलेले वाक्य तेच : पादचारी महिला अचानक रस्त्यात आल्याने.

दोन दिवसांनी मी मावशींना भेटायला गेलो. त्या रागावल्या नव्हत्या. एवढेच म्हणाल्या, ‘वकीलसाहेब, कुठनं जायाचं हुतं मग? खाली तुमची गाडी, वर तुमची पायरी.’ मी वकील, पण माझ्याकडे त्याला उत्तर नव्हते. त्यांचा दावा मी चालवू शकत नव्हतो, कारण मीच त्यातला न लिहिलेला साक्षीदार होतो. एका सहकाऱ्याकडे तो दिला आणि त्याला माझा जबाब लिहून दिला, की तेथे गाडी होती आणि ती माझी होती.

आता या गाडीचा हिशेब मांडू. बांधकाम नियमावलीत एका मोटारीच्या जागेचे माप अडीच मीटर बाय पाच मीटर धरतात. म्हणजे साडेबारा चौरस मीटर, सुमारे १३५ चौरस फूट. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत २००८ नंतर कित्येक वर्षे एका कुटुंबाला जे घर मिळत होते त्याचे क्षेत्रफळ २६९ चौरस फूट होते. याचा अर्थ माझी मोकळी गाडी रात्रभर ज्या जागेवर झोपते, त्याच्या दुप्पट जागेत एक अख्खे कुटुंब जन्मभर राहते. त्या कुटुंबाला पात्रता सिद्ध करावी लागते, मतदार यादीतले नाव, अमुक सालापूर्वीचा पुरावा, दहा कार्यालयांचे उंबरठे. माझ्या गाडीला कोणी पुरावा मागितला नाही. सार्वजनिक जमीन फुकटात वापरण्याचा इतका सोपा परवाना या देशात दुसऱ्या कोणाला आहे काय?

२०११ च्या जनगणनेनुसार देशातल्या १०० घरांपैकी पाच घरांकडेही मोटार नव्हती. नेमका आकडा ४.७ टक्के. दुचाकी २१ टक्के घरांत होती. त्यानंतर गाड्या पुष्कळ वाढल्या, हे मान्य. तरीही रस्त्याच्या कडेची जागा ज्यांना मिळते ते अजूनही थोडेच आहेत आणि ज्यांची जाते ते बहुसंख्य आहेत. ही वाटणी कोणत्या सभेत झाली? कोणत्या ठरावाने झाली? कोठेही नाही. ती न बोलता झाली. न बोलता होणारी वाटणी कोणाच्या बाजूने झुकते, हे या वृत्तपत्राच्या वाचकाला समजावून सांगायला नको.

रस्ता हा आपल्या चळवळीला परका विषय नाही. केरळात वायकोम येथे १९२४-२५ साली सत्याग्रह झाला तो मंदिरात शिरण्यासाठी नव्हता, मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून चालता यावे यासाठी होता. भारतीय संविधानाचे अनुच्छेद १५(२) काढून पाहा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणाही नागरिकावर ज्या ठिकाणांच्या वापराबाबत निर्बंध घालता येणार नाही, त्या यादीत विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या शेजारी ‘रस्ते’ हा शब्द आहे. तो उगाच आलेला नाही. त्या शब्दामागे पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव आहे. आज रस्त्यावरून चालायला जातीच्या नावाने बंदी घालण्याची कोणाची हिंमत नाही. पण चालायला जागाच ठेवली नाही, तर बंदी घालण्याची गरज तरी काय उरते? कायदा सर्वांना सारखा आणि फुटपाथ कोणालाच नाही. मग ज्याला चालण्यावाचून गत्यंतर नाही, त्याच्यावरच त्याचा भार पडतो.

नगरपालिकेचा ठराव म्हणजे काय चीज असते, हेही आपल्याइतके कोणाला माहीत असणार? १९२३ साली मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा तो ठराव. त्याला अनुसरून १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. प्रत्यक्षात तीन वर्षे एकाही अस्पृश्याला तेथे पाणी भरता आले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली माणसे मिरवणुकीने चालत तळ्यापर्यंत गेली, तेव्हा तो ठराव जिवंत झाला. मग त्याच नगरपालिकेने ऑगस्ट १९२७ मध्ये तो रद्द केला! निकाल लागायला हायकोर्टात १७ मार्च १९३७ ची तारीख उजाडावी लागली. तेव्हा सभागृहात झालेला ठराव आणि रस्त्यावर दिसणारी वस्तुस्थिती यांत किती अंतर असते, हे आपण मोजलेले आहे.

आता कोल्हापुरात येऊ. आपल्या शहराचा मध्य म्हणजे बिंदू चौक. भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने ९ डिसेंबर १९५० रोजी तेथे बाबासाहेबांचा आणि महात्मा फुले यांचा अर्धपुतळा बसवला गेला. बाबासाहेब हयात असताना उभा राहिलेला त्यांचा पुतळा म्हणून त्याची ख्याती आहे. त्याच चौकात महापालिकेचा वाहनतळ आहे. अंबाबाईच्या दर्शनाला बाहेरगावाहून येणाऱ्या गाड्या तेथे लागतात, आणि नवरात्रात वा सलग सुट्यांच्या दिवसांत तो भरला की आजूबाजूच्या पेठांतल्या गल्ल्याही भरतात. भाविकांशी आपले भांडण नाही. त्यांच्यावर शहरातल्या अनेकांचे पोट आहे, त्यात आपले रिक्षावाले आणि फुलवालेही आले. प्रश्न एवढाच आहे की, चार दिशांनी येणाऱ्या वाहनांच्या त्या गर्दीत एखाद्या म्हातारीला हातात हार घेऊन पुतळ्यापर्यंत पोचायचे असेल तर तिने कुठून जावे? १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला आपण हजारोंनी जातो, तेव्हा गर्दीच रस्ता अडवते आणि सगळे सुरक्षित असतात. इतर दिवशी तेथे एकटे जाऊन पाहा. मी म्हणतो म्हणून विश्वास ठेवू नका, घड्याळ लावून उभे राहा.

जे बिंदू चौकात तेच दाभोळकर कॉर्नरला, व्हीनस कॉर्नरला, मध्यवर्ती बसस्थानकासमोर. बसस्थानकातून डोक्यावर बोचके घेऊन बाहेर पडणारा खेडुत पहिल्यांदा शहराला भेटतो तो या ओलांडणीवर. पांढरे पट्टे कधी रंगवलेले असतात, कधी पुसलेले असतात. रंगवलेले असले तरी त्यांच्यासमोर थांबण्याची सवय वाहनांना नाही. पट्ट्याच्या एका टोकाला दुचाकींची रांग आणि दुसऱ्या टोकाला दुभाजकाचा कठडा, अशीही ठिकाणे दिसतात. रस्त्यावर रंगाचे पट्टे ओढले म्हणजे ओलांडायची सोय झाली, असे मानणाऱ्या नियोजनाला काय म्हणावे!

रस्त्याच्या प्रश्नावर कोल्हापूरकर लढत नाहीत असे मात्र कोणी म्हणू नये. सुमारे ५० किलोमीटरचे अंतर्गत रस्ते खाजगी कंपनीकडून बांधून घेऊन ३० वर्षे टोल वसूल करायचा, असा प्रकल्प आपल्या माथी मारला गेला. २०१३ च्या ऑक्टोबरात वसुली सुरू झाली. प्रा. एन. डी. पाटील आणि कॉ. गोविंद पानसरे यांच्यासारखी म्हातारी माणसे रस्त्यावर उतरली, सर्व पक्ष, तालमी, रिक्षा संघटना एकत्र आल्या आणि २०१५ च्या अखेरीस राज्य सरकारला टोल रद्द करावा लागला. त्या आंदोलनाचा निकाल पाहायला पानसरे राहिले नव्हते. त्याच वर्षी १६ फेब्रुवारीला सकाळी फिरून पायी घरी येताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. मी त्या मोर्चांमध्ये होतो. आज मागे वळून पाहताना एक गोष्ट खटकते. रस्त्यांची अपुरी कामे हाही आमच्या तक्रारींत एक मुद्दा होता, पण आमच्या घोषणा होत्या त्या टोलच्या, म्हणजे चाकावरच्या माणसाच्या खिशाच्या. फुटपाथसाठी आम्ही एकही मोर्चा काढला नाही. टोल गेला, सगळे आनंदाने घरी गेले.

त्यानंतर आणखी एक गोष्ट घडली. नोव्हेंबर २०२० मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पाच वर्षांहून अधिक काळ शहराला नगरसेवकच नव्हते. प्रशासकाने ठरवावे आणि शहराने पाळावे, असा कारभार चालला. निवडणूक झाली ती १५ जानेवारी २०२६ रोजी. या पाच वर्षांत कोणत्या गल्लीत सम-विषम तारखेचे पार्किंग, कोणत्या चौकात एकेरी वाहतूक, कोठे ‘पे अँड पार्क’, या गोष्टींवर सभागृहात एका शब्दाची चर्चा होऊ शकली नाही. आता सभागृह आहे. एका प्रभागात चार-चार नगरसेवक आहेत. ते आपल्या वस्तीत आले की आपण त्यांच्याकडे काय मागतो? समाजमंदिर, कमान, पेव्हर ब्लॉक. दलित वस्ती सुधारणेच्या निधीतून वस्तीच्या आत पेव्हर ब्लॉक बसतात, बोळ चकाचक होतो, उद्घाटनाची कोनशिला लागते. आणि त्या कमानीतून बाहेर पाऊल टाकले की समोर धावता मोठा रस्ता, जो ओलांडून पोरांना शाळेत जायचे असते. कमानीपुढे ओलांडणी मागणारा एकही अर्ज मी आजवर पाहिलेला नाही. माझ्या हातचा तर नाहीच.

कोणी म्हणेल, गाड्या वाढल्या, रस्ते वाढले नाहीत, महापालिका तरी काय करणार? हा युक्तिवाद फेरीवाल्यांच्या वेळी कोणी ऐकून घेत नाही. महाद्वार रोडवर हातगाडी लागली की ती वाहतुकीला अडथळा ठरते. महापालिका अधिनियम १९४९ च्या कलम २३१ खाली रस्त्यावर विक्रीला मांडलेला माल विनानोटीस उचलता येतो. हातगाडीवर एक कुटुंब जगते. तिच्याशेजारी उभी असलेली मोटार त्याहून जास्त जागा खाते आणि तिच्यावर तेथे कोणी जगत नाही, पण ती ‘अतिक्रमण’ नसते, ती ‘पार्किंगची समस्या’ असते! एकाच रस्त्यावरच्या दोन अडथळ्यांना दोन नावे. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे. आधी सर्वेक्षण, मग प्रमाणपत्र, तोवर हटवता येणार नाही, असे तो सांगतो. शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडलेले असावेत आणि त्यांत अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, महिला, अपंग यांना प्रतिनिधित्व असावे, असेही सांगतो. आपल्या कार्यकर्त्यांपैकी किती जणांनी तो वाचला आहे?

मोठ्या इमारतींची गोष्ट निराळी आणि अधिक संतापजनक आहे. नकाशा मंजूर करून घेताना तळघरात पार्किंग दाखवायचे आणि नंतर तेथे गाळे, गोदाम किंवा हॉल काढायचा, हा धंदा आपल्या शहरांना नवा नाही. मग त्या इमारतीत येणाऱ्यांच्या गाड्या रस्त्यावर येतात. म्हणजे तळघराचे भाडे मालकाच्या खिशात आणि पार्किंगचा बोजा फुटपाथवर. निवासी इमारतीतली पार्किंगची जागा बिल्डरला फ्लॅटपासून वेगळी काढून विकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नहालचंद लालूचंद प्रकरणात २०१० सालीच दिला आहे. तरीही व्यवहार कसे होतात हे फ्लॅट घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

उपाय म्हणून दोन गोष्टी सुचवल्या जातात. पहिली, गाडी घेण्यापूर्वी ती ठेवण्याच्या जागेचा पुरावा. जपानमध्ये १९६२ च्या कायद्याने ही अट आहे. आपल्याकडे मे २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी तशीच अट आणण्याचे सूतोवाच केले. तत्त्व म्हणून ते मला पटते. पण वस्तीत राहणाऱ्या पोराने कर्ज काढून टेम्पो किंवा रिक्षा घेतली, तर तो जागेचा दाखला कुठून आणणार? ज्याच्या घराचाच सात-बारा नाही, त्याला गाडीच्या जागेचा उतारा मागायचा काय? पोटासाठी चालणारे वाहन आणि हौसेचे तिसरे वाहन यांना एकच नियम लावला, तर बडा माणूस दाखला विकत घेईल आणि गरीब तेवढा अडकेल. अशा नियमाचा मसुदा आला तर आपल्या संघटनांनी मुदतीत हरकती नोंदवल्या पाहिजेत.

दुसरी गोष्ट ‘पे अँड पार्क’. सार्वजनिक जमीन वापरणाऱ्याने भाडे द्यावे, हे न्यायाचेच आहे. पुण्यात मार्च २०१८ मध्ये महापालिकेच्या सभेने पार्किंग धोरणाला प्रायोगिक म्हणून पाच रस्त्यांपुरती मंजुरी दिली, आणि ते वर्षानुवर्षे कागदावरच राहिले. विरोध का झाला? गाडीवाला मतदार आहे आणि तो बोलतो. पायी चालणाराही मतदार आहे, पण तो मतदार म्हणून कधी पायी चालण्याबद्दल बोलत नाही. मात्र ठेका देऊन वसुली करायची आणि त्या पैशातून एक फूटही फुटपाथ करायचा नाही, असे होणार असेल, तर ते पुन्हा टोलचेच भावंड ठरेल. सक्तीच करायची तर वसुलीचा पैसा त्याच रस्त्याच्या फुटपाथवर आणि ओलांडणीवर खर्च करण्याची करावी.

आता कायद्याची बाजू. कोइमतूरचे अस्थिशल्यविशारद डॉ. एस. राजशेखरन यांनी २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. मोडलेली हाडे जोडता जोडता हा माणूस कोर्टात आला, ही गोष्टच बोलकी आहे. त्या याचिकेत १४ मे २०२५ रोजी न्यायालयाने स्पष्ट केले की, वापरता येईल असा फुटपाथ मिळणे हा अनुच्छेद २१ खाली पादचाऱ्याचा हक्क आहे. पुढे ७ ऑक्टोबर २०२५ च्या आदेशात न्यायालयासमोर आकडे आहेत. २०२३ साली देशात रस्ते अपघातांत १,७२,८९० माणसे मेली, त्यांतली ३५,२२१ पायी चालणारी होती. पाचांत एक! राज्यांनी पादचाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १३८(१अ) खाली सहा महिन्यांत नियम करावेत, असे त्या आदेशाने सांगितले. फुटपाथ आणि ओलांडण्यांची तपासणी मात्र ५० मोठ्या शहरांपासून सुरू करायची आहे, दहा लाखांवर वस्ती असलेल्या. कोल्हापूर महापालिका हद्दीची २०११ ची लोकसंख्या ५,४९,२३६. म्हणजे आपल्याकडे कोणी आपणहून मोजायला येणार नाही. मोजपट्टी आपल्यालाच घ्यावी लागेल.

आणि ती घेणे अवघड नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार फुटपाथची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी आणि उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. साधा टेप घेऊन शाळेतली मुले हे मोजू शकतात. रस्त्याच्या रचनेत मानके पाळली नाहीत म्हणून मृत्यू वा अपंगत्व आले, तर संबंधित प्राधिकरणाला, ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड करता येतो, असे कलम १९८अ २०१९ च्या दुरुस्तीने आले आहे. ते वापरले जात नाही, कारण पंचनाम्यात ‘अचानक’ लिहिलेले असते. फुटपाथची रुंदी, गाड्यांची जागा, ओलांडणीचे अंतर पंचनाम्यात लिहून घ्या, असा आग्रह पंच म्हणून गेलेल्या आपल्या माणसाने धरला, तर दाव्याचे चित्र पालटते. वाहतूक पोलीस पार्किंगची अधिसूचना काढतात, तेव्हा हरकती आणि सूचना मागवतात. ती छोटी जाहिरात वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात असते. तिला उत्तर द्या. गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट ही महापालिकेची चार विभागीय कार्यालये आहेत. आपली वस्ती ज्यात येते तेथे, कमानीपुढे ओलांडणी हवी असा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेल्या गोष्टीचा कोर्टात उपयोग होत नाही.

कोर्टाचे म्हणाल, तर ते आता लांब राहिलेले नाही. चार दशकांच्या लढ्यानंतर कोल्हापूरला हायकोर्टाचे सर्किट बेंच मिळाले. १७ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले, तेव्हा आपल्यापैकी कित्येकांचे डोळे पाणावले होते. सहा जिल्ह्यांचे पक्षकार तेथे येतात. इमारत भाऊसिंगजी रोडला लागून, सीपीआरसमोर. याच भाऊसिंगजी रोडवर गंगाराम कांबळे यांचे हॉटेल होते, आणि राजर्षी शाहू महाराज आपली गाडी त्या दारात थांबवून अस्पृश्याच्या हातचा चहा घेत. गाडी कोठे आणि कशासाठी थांबवावी, हे या रस्त्याला शंभर वर्षांपूर्वी माहीत होते. आज त्याच रस्त्याच्या परिसरात आम्हा काळ्या कोटवाल्यांच्या गाड्या जागा मिळेल तेथे लागतात आणि सीपीआरकडे रुग्णाला हाताला धरून नेणारे नातेवाईक त्यांच्यामधून वाट काढतात. न्याय मागायला आलेल्या माणसाला कोर्टाच्या दारातच वकिलाच्या गाडीला वळसा घालावा लागतो. हे मी आमच्याच बिरादरीबद्दल लिहितो आहे, काही मित्र नाराज होतील.

मावशी तीन महिन्यांनी कामावर परतल्या. पाच घरांपैकी दोन घरांनी दरम्यान दुसरी बाई ठेवली, आता तीनच घरे आहेत. दावा चालू आहे. घरकामाचे उत्पन्न किती, यावर विमा कंपनीची हरकत आहे, आणि ‘अचानक’ हा शब्द तर आहेच.

मी माझी गाडी गल्लीच्या टोकाला एकाच्या मोकळ्या प्लॉटवर भाड्याने ठेवतो. पायरी तोडली. चौथ्या दिवशी त्या मोकळ्या जागेवर शेजाऱ्यांची दुसरी गाडी लागली. मी बोललो, तर ते हसून म्हणाले, ‘वकीलसाहेब, तुम्ही दहा वर्षे लावलीत की!’ त्यांचे चुकले असे मला म्हणता आले नाही. आमच्या गल्लीच्या दोन्ही बाजूंचा फुटपाथ मोजून तो मोकळा करावा आणि मोठ्या रस्त्यावर ओलांडणी आखून द्यावी, असा अर्ज मी दिला आहे. सोबत २२ घरांपैकी नऊ घरांच्या सह्या आहेत. शेजाऱ्यांची अजून नाही. मावशींची सही मात्र पहिली आहे, गल्लीत त्यांचे घर नसतानाही.